गिरणीच्या वरचा हॉल

"आम्हाला अगदी साधंच हवंय," असं म्हणत गिऱ्हाईक आत आलं की मी मोजायची टेप बाजूला ठेवते आणि आधी चहा मागवते. साधं हवं असणारी माणसं सगळ्यात अवघड. ज्यांना राजवाडा हवा असतो, त्यांना चार खांब आणि एक झुंबर दिलं की ती सुखी होतात. साध्याला अंत नसतो.

मी सातारची. साताऱ्यात आणि सांगलीत लोकांची घरं आतून बदलून देण्याचा धंदा मी बरीच वर्षं करते आहे. सुरुवातीला पाटीवर 'गृहसजावट' असं लिहिलं होतं, तेव्हा लोक गौरीची आरास विचारायला यायचे. मग 'इंटिरियर' लिहिलं, तर सोफ्याचं रेक्झिन बदलायला यायला लागले. आता पाटीवर नुसतं नाव आहे आणि माणसं बरोबर कामासाठी येतात, कारण मधल्या काळात सगळ्यांच्या मोबाइलवर दुसऱ्यांची घरं दिसायला लागली. दुसऱ्याचं घर पाहिल्याशिवाय माणसाला आपलं घर खटकत नाही, आणि ते खटकल्याशिवाय माझी चूल पेटत नाही.

या धंद्यात माणूस आतून दिसतो. साताऱ्यातल्या एका निवृत्त सुभेदारांना असं कपाट हवं होतं की दार उघडताच आतली प्रत्येक वस्तू एका नजरेत दिसली पाहिजे. "म्याडम, उघडलं की इन्स्पेक्शन झालं पायजे," ते म्हणाले. तसं कपाट मी करून दिलं. सुभेदारीणबाईंनी आठवड्यात त्याला आतून पडदा लावला. आष्ट्याच्या एका ऊसवाल्या बागायतदारांनी माझ्याकडून चकचकीत मॉड्युलर किचन करून घेतलं आणि त्याच्या मागच्या बाजूला पत्र्याखाली चूल मांडली. स्वयंपाक चुलीवर होतो. किचन पाव्हण्यांना दाखवायला आहे. दर दिवाळीला ते मला आठवणीने फोन करून सांगतात, "तुमचं किचन अजून नव्यासारखं हाय बगा!" 

पण सांगायचं आहे ते सांगलीतल्या एका फ्लॅटबद्दल.

सांगलीत नदीकडे उतरणाऱ्या एका गल्लीत संस्थानच्या काळात बांधलेली दगडी इमारत आहे. खाली पिठाची गिरण, वर राहती घरं. त्यातला पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट संदीपचा. संदीप तिथेच वाढला, मग पुण्यात नोकरीला गेला, आणि आईवडील गेल्यावर घर बंद पडलं. पुढे घरून काम करायची सोय झाली तशी त्याच्या बायकोने, वर्षाने, सांगलीला परतायचं ठरवलं. ती मूळची ठाण्याची. सांगलीला परतायची हौस सांगलीकराला नसून ठाणेकरणीला होती, हे मला पहिल्याच भेटीत कळलं.

अशा जुन्या घरात काम करणं म्हणजे काय ते थोडं सांगते. भिंती हातभर जाड आणि कुठेही सरळ नाहीत. कपाट भिंतीला लावलं की वर दोन बोटांची फट राहते आणि खाली कपाट भिंतीत घुसायला बघतं. भिंतींवरच छप्पर उभं असल्यामुळे त्या पाडता येत नाहीत. संडास-बाथरूम मागच्या सज्जात, म्हणजे पाइप घराच्या एका टोकाला आणि माणसं दुसऱ्या. विजेची बटणं खोलीत दोन, कारण त्या काळी विजेवर फक्त दिवा लागायचा. गिऱ्हाइकाला मात्र एसी, फ्रीज, वॉशिंग मशीन, इंटरनेट आणि शिवाय जुनेपणाचा फील हवा असतो. थोडक्यात, जुनं घर ठेवायचं आणि त्यात जुनं काही दिसू द्यायचं नाही. दिसलंच तर ते नवीन घेतलेलं असावं.

वर्षाच्या घरात नेमकं हेच झालं. हॉलमध्ये फुलाफुलांच्या जुन्या सिमेंटच्या फरशा होत्या, काही तडकलेल्या. त्या काढून आम्ही मोठ्या पांढऱ्या फरशा बसवल्या. मग तिला भिंत फार मोकळी वाटायला लागली, म्हणून कॅटलॉगमधून जुन्या फुलाफुलांच्या फरशांसारख्या दिसणाऱ्या नव्या टाइल्स मागवून स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावल्या. मी टाइल्सची मापं लिहून घेतली. गिऱ्हाईक घर बदलत असताना माझ्यासारखीने फक्त माप बोलावं.

राहिली गॅलरी. हॉलच्या पुढे रस्त्यावर लांबलचक गॅलरी होती, लोखंडी कठड्याची. कठड्याचा मधला भाग बिजागऱ्यांवर उघडणारा होता, दारासारखा. आणि वर, सागवानी तुळईचं टोक जिथे गॅलरीवर बाहेर आलं होतं, तिथे मनगटाएवढा जाड लोखंडी आकडा.

"हा कशाला?" मी संदीपला विचारलं. त्या दिवशी वर्षा पुण्याला गेली होती.

तो हसला. "खालच्या गिरणीची मोटर. पूर आला की ती साखळीची कप्पी लावून इथून वर घ्यायचे. हा कठडा त्यासाठीच उघडतो. गिरणीवाल्या तानाजीच्या आजोबांपासून तसंच. पूर ओसरेपर्यंत मोटर आमच्या हॉलमध्ये, आणि तानाजीच्या घरचेही हॉलमध्ये."

"मग गॅलरी बंद केली तर?"

"आता काय, ट्रॅक्टर आहेत, टेम्पो आहेत. धरणातून पाणी सोडायच्या आधी मोबाइलवर कळतं. कोण कप्पी लावत बसतंय? आणि वर्षाला हॉल मोठा हवाय."

माझ्या मनाला तरी नीट पटेना, म्हणून मी खाली गेले. साताऱ्यात आम्ही डोंगरावर राहतो, पूर आमच्याकडे टीव्हीवर येतो. सांगलीकराला विचारलेलं बरं. तानाजी पिठाच्या धारेखाली हात धरून कुणाची तरी ज्वारी दळत होता. पापण्यांपर्यंत पीठ. संदीपच्याच वयाचा, दोघं एकाच शाळेतले.

"तानाजीराव, वरची गॅलरी बंद करतोय. खिडक्या लावून हॉलमध्ये घेतोय. तुमची काही हरकत?"

"माजी कसली हरकत वो म्याडम? घर त्यांचं. त्यांनी बांधावं, न्हाईतर पाडावं."

"पण पुराचं काय कराल?"

"बगू की. ट्रॅक्टर हाय पाव्हण्यांचा. तुमी करा तुमचं, आमचं काय न्हाई."

आता, याच मुलखात माझा जन्म गेलाय. इथे 'आमचं काय न्हाई' असं कुणी म्हटलं की त्याचं बरंच काही असतं, हे मला पाळण्यात असल्यापासून माहीत. लग्नाच्या बोलण्यांत 'आमचं काय न्हाई' म्हणणारा पाव्हणा पुढे मांडवात काय करतो ते कोण जाणत नाही? तरी मी वर जाऊन सांगितलं की खालच्यांची हरकत नाही. सोयीचं उत्तर मिळालं की माणूस दुसरं विचारत नाही. संदीपही नाही, मीही नाही.

गॅलरी हॉलमध्ये गेली. लोखंडी कठडा काढून तिथे कमरेएवढी विटांची भिंत बांधली आणि वर सरकत्या काचांच्या खिडक्या बसवल्या. वर जिप्समचं खोटं छत केलं. त्यात छपवलेले दिवे, जे भिंतीवर चांदणं पडल्यासारखा उजेड टाकतात. तुळई आणि आकडा त्या छताच्या वर गेले. हॉल असा देखणा झाला की मीच थोडा वेळ दारात उभी राहून बघत बसले. खोटं कशाला बोलू, मला माझ्या कामाचा अभिमान वाटतो, आणि हे काम चांगलं झालं होतं.

वास्तुशांत ठरली. मी आदल्या दिवशी पडदे लावून घ्यायला आणि फोटो काढून घ्यायला सांगलीत गेले. पाऊस आठवडाभर लागलेलाच होता. वरच्या धरणातून पाणी सोडल्याची बातमी होती, पण ती दरवर्षीच असते. दुपारची जेवणं होईपर्यंत गल्लीतल्या गटारांतून पाणी उलटं वर यायला लागलं. सांगलीत नदी आधी दारातून येत नाही, गटारातून येते. खालून लोखंडावर हातोडा पडल्याचे आवाज येत होते. जिना उतरून पाहिलं तर तानाजी आणि त्याचे दोघे भाऊ गिरणीत मोटरचे बोल्ट सोडवत होते. धान्याची पोती आधीच गेली होती. मोटर न्यायला येणारा ट्रॅक्टर चौकातल्या पाण्यात बंद पडला होता.

गिरणीची जाती, सांगाडा वगैरे पाण्यात राहिलं तरी धुऊन चालतं. मोटर बुडाली की गेली. आणि मोटर गेली की गिरण बंद, गिरण बंद की तानाजीचं घर बंद. एवढं मला त्या वेळी कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

थोड्या वेळाने जिन्यावर पावलं वाजली. तानाजी वर आला. त्याने चपला खालच्या वळणावरच काढल्या होत्या. चिखलाचे पाय पायपुसण्यावर पुसून, उंबऱ्याच्या बाहेर, हात पुढे बांधून तो उभा राहिला.

"संदीपसाहेब, वहिनी, जरा इचारायचं हुतं."

"बोला ना, दादा," वर्षा म्हणाली.

"मोटर जिन्याच्या वरल्या पायरीला ठिवली तर चालंल का? आत न्हाई आनत. जिन्यातच ठिवतो. खाली गोणपाट हातरतो, डाग पडायचा न्हाई."

संदीपने जिन्याकडे पाहिलं. तो जिना लाकडी, अरुंद आणि उभा. त्यातून मोटर वर येत नाही, म्हणून तर तुळईला आकडा होता. हे संदीपला माहीत होतं, तानाजीला त्याहून जास्त माहीत होतं. त्याची नजर आमच्या पांढऱ्या फरशीवर गेली, मग छतावर, आणि मग तो स्वतःच म्हणाला,

"न्हाई न्हाई. ऱ्हाऊ द्या. बगतो मी कायतरी."

आणि तो वळला.

त्या क्षणी माझ्या मनात काय होतं? फरशी. तेलाचा डाग त्या फरशीत मुरला की निघत नाही, हे. दुसरं काही नंतर सुचलं.

"थांबा," वर्षा म्हणाली. "संदीप, आधी कशी आणायचे मोटर?"

संदीपने सांगितलं. आकडा, कप्पी, उघडणारा कठडा, सगळं. वर्षाने ते पहिल्यांदाच ऐकलं. तिने नवऱ्याकडे जे पाहिलं ते मी लिहीत नाही, लग्न झालेल्या वाचकांना कळेल.

"आकडा आहे अजून?"

"छताच्या वर," मी म्हणाले.

पडद्यांचे पितळी रॉड अजून भिंतीला टेकवून ठेवलेले होते. वर्षाने त्यातला एक उचलला, ती स्टूलवर चढली आणि तिने माझ्याकडे वळून विचारलं, "नेमका कुठे?"

मी छत पाहिलं. मग दिव्यांची ओळ. "तिसऱ्या दिव्याच्या पुढे," मी म्हणाले. "जरा डावीकडे. अजून थोडं. हं, इथे."

माझ्याच छताचा खून मी अशी उभी राहून मापं सांगत करवला. पहिल्या घावात जिप्समचा तुकडा पडला, दुसऱ्यात दिवा. खाली पडलेल्या पांढऱ्या भुग्यात वर्षा तानाजीपेक्षा पिठाळलेली दिसायला लागली.

"आवं वहिनी, नगा! नगा, ऱ्हाऊ द्या!" तानाजी उंबऱ्याबाहेरून ओरडत होता. आत यायचं का नाही ते त्याला कळत नव्हतं.

"आत या आणि धरा हा रॉड!" वर्षा ओरडली, तेव्हा तो आला.

पुढचं सगळं त्याला आणि त्याच्या भावांना येत होतं. सरकत्या काचा वर उचलून रुळातून काढल्या. कप्पी आकड्यात अडकवली. संदीप पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडून खाली पाण्यात उतरला. साखळी करकरत मोटर वर आली, झुलली, माझ्या विटांच्या भिंतीवरून घसटत आत आली आणि पांढऱ्या फरशीवर टेकली. तुळई जरासुद्धा कुरकुरली नाही. छताला भोक दिसल्यावर गल्लीलाही धीर आला असावा. मागोमाग शिंप्याचं मशीन आलं, गॅसच्या टाक्या आल्या, गाद्या आल्या, आणि माणसं आली. रस्ते बंद झाले, वास्तुशांत राहिली, मीही तिथेच अडकले.

आपण केलेल्या घरात राहायची वेळ कुणा इंटिरियरवालीवर येऊ नये. मी तिथे मुठी नसलेली कपाटं केली होती, दाबलं की उघडणारी. शिंपीणबाई एका कपाटासमोर उभ्या राहून बराच वेळ चाचपत होत्या. "बाई, ह्ये उघडतंय कुटनं?" दाबा म्हटलं, तर त्यांनी असं दाबलं की बिजागरीच गेली. स्वयंपाकघर हॉलला उघडं केलेलं, मोकळेपणासाठी. त्यामुळे एवढ्या माणसांच्या पिठल्याचा ठसका अख्ख्या हॉलला लागला. छपवलेल्या दिव्यांचं बटण शोधता शोधता लोकांनी तीनदा एसी लावला. "लय भारी केलंय," सगळ्यांनी सांगितलं, आणि नंतर माझी पाठ वळल्यावर काय सांगितलं तेही मी ऐकलं.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं. तानाजीचं मात्र नेता येईना.

तो जिन्यात बसायचा. घरची माणसं आत, तो बाहेर, वरच्या पायरीवर. मोटर बघायला आत यायचा तर आधी विचारायचा. "पानी घिऊ का वहिनी?" "फोन चार्जिंगला लावू का?" "जरा मोटर पुसू का?" प्रत्येक वेळी वर्षा म्हणायची, विचारता काय, आणि पुढच्या वेळी तो पुन्हा विचारायचा.

"याचे वडील," संदीप मला हळूच म्हणाला, "पुरात इथे झोपायचे. मोटरशेजारी. माझ्या वडिलांना म्हणायचे, तुमच्या घोरण्यानं झोप येत न्हाई, तुमी जावा जिन्यात." तो हसला नाही. "आणि हा मला साहेब म्हणतो. कधीपासून म्हणायला लागला ते मला आठवतही नाही."

मला मात्र आठवलं. मी हॉल मोजायला आले होते तेव्हा तो संदीप म्हणत होता. फरशी बसल्यावर संदीपराव झालं. छत झाल्यावर साहेब. मी त्या घरात जे जे बसवत गेले त्याबरोबर हेही बसत गेलं होतं. फार वाईट वाटलं. कामात चुका होतात, त्या पुट्टीने भरतात. ही कशाने भरायची ते मला येत नव्हतं.

पूर ओसरला, मोटर उतरली, गल्लीत सगळ्यात आधी गिरण सुरू झाली. वर्षाने मला पुन्हा बोलावलं. मी विटांची भिंत पाडून गॅलरी उघडी केली, आष्ट्याच्या एका लोहाराकडून पूर्वीसारखा मधे उघडणारा कठडा करून घेतला, छत काढलं आणि तुळई, आकडा तसेच उघडे ठेवले. या हॉलचे फोटो पाहून पुण्याच्या एका बाई 'काय इंडस्ट्रियल लूक दिलाय!' म्हणाल्या. लोणंदच्या एका व्यापाऱ्याने तर आपल्या नव्या बंगल्याच्या स्लॅबला तसाच आकडा लावून मागितला. तिथे नदीही नाही, गिरणही नाही. लावून दिला.

तानाजी बघायला आला. उंबऱ्याबाहेर उभा राहिला. "ब्येस केलं साहेब," म्हणाला आणि गेला. वर्षाने त्याच्यासाठी ओतलेला चहा तसाच आत नेला. आकडा परत लावता येतो. जो माणूस विचारून आत यायला लागला त्याला न विचारण्यावर परत कसं आणायचं, याचं ड्रॉइंग कुणी काढत नाही.

पुढच्या पावसाळ्यात ओल धरून त्यांच्या कपाटाचं एक दार घट्ट बसलं, म्हणून मी सांगलीला गेले होते. दार तासून होतंय तोवर गटारं उलटी वाहायला लागली. मी हॉलच्या मधोमध उभी राहून चहा पीत होते, वर्षा लॅपटॉप उचलून आत नेत होती. खालून कुणी हाक मारली नाही, जिन्यावर चपला काढल्याचा आवाजही आला नाही. एकदम धडधड पावलं चढली आणि तानाजी कप्पी खांद्यावर टाकून, चिखलाच्या चपलांसकट, पांढऱ्या फरशीवरून तरातरा गॅलरीकडे गेला. मागे त्याचे दोघे भाऊ.

"संदीप्या, भाड्या, कुटं मेलायस? कठडा सोड की रं, पानी दारात आलंय!"

आतून संदीप धावत आला. त्याचा चेहरा असा फुलला होता की कुणी पाहिलं असतं तर घरात पूर नाही, बारसं आहे असं वाटलं असतं. वर्षा दारात उभी राहिली, तिने फरशीवरच्या चिखलाच्या पावलांकडे पाहिलं आणि डोळे पुसले.

मी अजून कप हातात घेऊन तिथेच उभी होते. तानाजीने मागे वळूनही न बघता मला कोपराने ढकललं.

"म्याडम, सरका बगू तिकडं. मधी मधी येताय."

मी सरकले.